मुका सोबती

१. फलाटावरची जोडी

कर्जत स्टेशन आपल्या सगळ्यांच्या पायाखालचे. मुंबईची लोकल इथे येते. पुण्याकडची गाडी इथून पुढे घाट चढते. दिवसभर माणसांची ये-जा. रात्री गर्दी ओसरली, की मग फलाटावर पडून राहिलेली माणसे दिसू लागतात.

त्यांत कधी एखादा वेडसर माणूस असतो. केस वाढलेले, अंगावर चिंध्या. कुठून आला, कोणाचा कोण, कोणालाच ठाऊक नसते. लोक त्याला वळसा घालून जातात. पोरे खडे मारतात. पण त्याच्या पायाशी अंगाचे मुटकुळे करून एक कुत्रा निजलेला असतो. कोणी त्या माणसाला पाव दिला, तर अर्धा पाव तो कुत्र्यासाठी मोडतो.

अशी जोडी आम्ही पाहिली आहे. तुम्हीही पाहिली असेल. कर्जतला नाही तर खोपोलीला, नाही तर एखाद्या एस.टी. थांब्यावर.

आता विचार करा. त्या माणसाजवळ घर नाही, पैसा नाही. त्याला धड बोलताही येत नाही. मग कुत्रा त्याच्याजवळ का बसतो? भाकरीसाठी बसतो, हे काही अंशी खरे. पण भाकरी खाऊन झाली तरी तो उठून जात नाही. आणि त्या माणसाला कुत्र्याकडून काय मिळते?

त्याच गोष्टीचा हा धडा आहे.

२. जुनी सोबत

कुत्रा माणसाजवळ राहू लागला, त्याला निदान पंधरा हजार वर्षे झाली. गाय, बैल, कोंबडी माणसाने पाळली ती त्याच्या नंतर. म्हणजे कुत्रा हा आपला सगळ्यांत जुना सोबती.

आपल्या देवाधर्मातही त्याला जागा आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. खंडोबाजवळ कुत्रा असतो. धर्मराज स्वर्गाला निघाला, तेव्हा भाऊ गेले, बायको गेली, शेवटपर्यंत सोबत राहिला तो कुत्रा. त्याला टाकून मी स्वर्गात येणार नाही, असे धर्मराज म्हणाला. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी खाऊ नको रे बाबा, तूप तरी लाव! ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकली आहे.

कीर्तन ऐकून घरी आलो, की दारातल्या कुत्र्याला मात्र आपण ‘हाड’ म्हणतो. होय ना?

कुत्रा माणसाची कितीतरी कामे करतो. धनगराची मेंढरे राखतो. रात्री घर राखतो. पोलिसांना चोराचा माग काढून देतो. मातीखाली गाडलेला माणूस वासावरून शोधतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या उतारावरची इरशाळवाडी दरडीखाली गेली. वर यंत्रे नेता येईनात. जवानांनी आणि गावोगावच्या माणसांनी हातांनी माती उपसली. त्या शोधात वास घेणारे कुत्रेही आणले होते. २७ जणांचे मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ताच राहिले. २३ जुलैला शोध थांबवावा लागला.

राखण करणे, माग काढणे, शोधणे ही कामे आपल्याला ठाऊक आहेत. पण कुत्र्याचे आणखी एक काम आहे. ते काम म्हणजे दुःखी माणसाच्या जवळ बसणे. हे काम शिकवलेले कुत्रे असतात. शहरात त्यांना ‘थेरपी डॉग’ म्हणतात. आपण त्यांना ‘दिलासा देणारे कुत्रे’ म्हणू.

३. न बोलणाऱ्या मुलाची गोष्ट

अमेरिकेत बोरिस लेव्हिन्सन नावाचे डॉक्टर होते. ते मुलांच्या मनाचे आजार पाहत. त्यांच्याकडे एक कुत्रा होता. त्याचे नाव जिंगल्स.

एकदा एक आईबाप आपल्या मुलाला घेऊन आले. तो मुलगा माणसांपासून दूर दूर राहायचा. पुष्कळ उपाय झाले होते. गुण नव्हता. नेमलेल्या वेळेच्या आधीच ही मंडळी आली. एरवी रोगी आला, की कुत्रा दुसऱ्या खोलीत जाई. त्या दिवशी तो तिथेच होता. तो धावत मुलाकडे गेला आणि त्याला चाटू लागला. डॉक्टरांना वाटले, मूल आता घाबरणार. पण मुलाने कुत्र्याला कवटाळले. कुरवाळू लागला.

त्यानंतर तो मुलगा येई तो कुत्र्याशी खेळायला. डॉक्टरांकडे तो पाहतही नसे. डॉक्टरही घाई करीत नसत. नुसते बाजूला बसत. हळूहळू मुलगा त्यांनाही खेळात घेऊ लागला. खेळातून ओळख झाली. ओळखीतून बोलणे आले. उपचार सुरू झाला.

लेव्हिन्सन यांनी हा अनुभव इतर डॉक्टरांपुढे मांडला, तेव्हा काही जण हसले. कुत्रा काय औषध देणार? पण त्यांनी काम सोडले नाही. १९६२ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. कुत्रा हा डॉक्टरचा मदतनीस होऊ शकतो, असे त्यात सांगितले. तेव्हापासून लोक या गोष्टीचा नीट अभ्यास करू लागले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मुलाला कुत्र्याने बरे केले नाही. कुत्र्याने दार उघडले. आत गेले ते डॉक्टर.

४. डेंग्यूचा रोगी आणि दोन किलोची कुत्री

दुसरी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. १९४४ साली न्यू गिनी बेटावर एका खड्ड्यात एक अगदी छोटी कुत्री सापडली. वजन दोन किलोदेखील नव्हते. विल्यम विन नावाच्या अमेरिकन शिपायाने तिला विकत घेतले. तिचे नाव स्मोकी.

पुढे विन यांना डेंग्यूचा ताप आला. डेंग्यू आपल्याला नवा नाही. त्यात अंग कसे मोडून येते, ते ज्याला झाला त्याला विचारा. विन दवाखान्यात पडून होते. त्यांच्या मित्रांनी स्मोकीला तिथे आणले. तिला पाहून शेजारच्या खाटांवरचे जखमी शिपाई उठून बसू लागले. मग नर्सबाई तिला खाटांमधून फिरवू लागल्या. घरापासून हजारो कोस दूर पडलेली ती पोरे. कोणाचा हात गेलेला, कोणाचा पाय. त्यांना क्षणभर घर आठवे.

नर्सबाईंचे हे वागणे काही भलतेच नव्हते. ज्यांना आपण नर्सिंगच्या आद्य गुरू मानतो, त्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच आपल्या पुस्तकात लिहून ठेवले होते, की दीर्घ दुखण्यात पडलेल्या रोग्याला लहानसे पाळीव जनावर चांगली सोबत करते.

५. काकांचा सवाल

हे आम्ही एका वर्गात वाचून दाखवले. मागे बसलेले एक काका म्हणाले, “अहो गुरुजी, आमच्या पाड्यावर कुत्रा चावून माणूस दवाखान्यात जातो. आणि तुम्ही म्हणता, कुत्राच दवाखान्यात येऊन माणसाला बरे वाटवतो!”

सगळे हसले. पण काकांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

हे काम वाटेल त्या कुत्र्याचे नाही. त्यासाठी कुत्रा निवडतात. जात पाहत नाहीत, स्वभाव पाहतात. अनोळखी माणूस आला, भांडे पडले, कोणी काठी टेकत आले, तरी जो बिचकत नाही, अंगावर येत नाही, तोच निवडतात. पिल्लाला घेत नाहीत. वाढ पुरी झालेला कुत्रा घेतात. मग त्याला बस, थांब, सोड हे शब्द शिकवतात. कोणी शेपूट ओढली, कान धरला, तरी शांत राहतो का, ते पाहतात.

त्याला सगळ्या लसी दिलेल्या असतात. जंताचे औषध दिलेले असते. भेटीच्या आधी अंघोळ घालतात, नखे कापतात. त्याचा माणूस सदैव त्याच्याबरोबर असतो. कुत्र्याला एकट्याला रोग्याजवळ कधीच सोडत नाहीत.

रोग्यालाही आधी विचारतात. ज्याला कुत्र्याचे भय वाटते, ज्याला केसांनी शिंका किंवा दमा होतो, ज्याची जखम उघडी आहे, त्याच्याजवळ नेत नाहीत. भेट झाली, की रोगी हात धुतो.

कुत्र्याचाही विचार करावा लागतो. तोही दमतो. जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, शेपूट पायांत घालू लागला, की त्याला बाहेर आणतात. मुक्या जनावराची ती भाषा आहे. ‘आता पुरे’ असे तो सांगत असतो.

आपल्याकडेही हे काम चालते. ॲनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था मुंबई-पुण्याकडे शिकवलेले कुत्रे घेऊन आजारी माणसांकडे आणि विशेष मुलांच्या शाळांत जाते. मुंबईच्या विमानतळावर २०२३ साली असे कुत्रे ठेवले. विमानात बसायची ज्यांना धास्ती वाटते, ते घटकाभर कुत्र्याशी खेळतात. धास्ती उतरते.

काकांनी हे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “मग बरोबर आहे. बैलसुद्धा आपण शिकवल्याशिवाय गाडीला जुंपत नाही.”

६. बरे का वाटते?

कुत्र्याजवळ बसून बरे का वाटते? याची दोन कारणे.

पहिले कारण शरीराचे. माणूस काळजीत असला, की काळीज धडधडते, रक्तदाब चढतो, अंग ताठते. शांत कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवताना पुष्कळांचे ठोके संथ होतात, रक्तदाब थोडा उतरतो. हे यंत्राने मोजून पाहिले आहे. अर्थात हा फरक काही वेळापुरता असतो.

दुसरे कारण मनाचे, आणि ते मोठे आहे. कुत्रा काही विचारत नाही.

आपण दुःखाच्या घरी जातो. मनात माया असते. पण तोंड काय बोलते? “कसे हो झाले? शेवटी काय बोलले? डॉक्टरला आधी का नाही दाखवले?” दहा माणसे येतात आणि दहा वेळा तेच विचारतात. घरच्या माणसाला दहा वेळा तेच दुःख उगाळावे लागते. कोणी म्हणतो, “रडू नका.” कोणी म्हणतो, “आमच्या शेजारी तर याहून वाईट झाले.” दरडीत, अपघातात, पुरात ज्यांचे माणूस गेले, त्यांना विचारा. प्रश्नांचे ओझे किती असते, ते ते सांगतील.

कुत्रा जवळ येतो. पायाशी बसतो. माणूस रडला तरी बसतो, गप्प राहिला तरी बसतो. कपडे फाटके का, असे त्याला वाटत नाही. काल तू मला ओरडलास, हे तो मनात धरत नाही. फलाटावरच्या त्या माणसाला कुत्र्याकडून मिळते ते हेच. साऱ्या जगाने त्याला वळसा घातला. एकाने नाही घातला.

आणि त्या माणसालाही कोणासाठी तरी पाव मोडता येतो. आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत, हे वाटणे फार मोलाचे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पहा.

७. कुत्रा आहे, पण डॉक्टरही हवा

पण म्हणून मनाच्या आजारावर कुत्रा हेच औषध, असे समजू नका. मनाचा आजार हा आजार आहे. ती करणी नव्हे, बाधा नव्हे, मागल्या जन्मीचे पाप नव्हे. त्यावर औषध आहे आणि डॉक्टर आहेत.

कर्जतजवळ वेणगावला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या पतिपत्नींनी १९८८ साली मुंबईत हे काम सुरू केले. एक तरुण करवंटीने गटारातले पाणी पिताना त्यांना दिसला. त्यांनी त्याला आणले, औषध दिले. तो बरा झाला, तेव्हा कळले, की तो चांगला शिकलेला होता. दूर आंध्रात त्याचे घर होते. तो घरी परत गेला. २००६ पासून हे काम कर्जतच्या केंद्रात चालते. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तिथे आणतात. अन्न, औषध, निवारा देतात. बरे वाटले, की त्यांचे गाव शोधून घरी पोहोचवतात. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणजे फलाटावरचा तो माणूसही कोणाचा तरी मुलगा आहे. त्याच्या गावी कोणीतरी त्याची वाट पाहत असेल. त्याला खडे मारणारी पोरे दिसली, तर आवरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा माणसाला संरक्षण देणे हे पोलीस ठाण्याचे काम आहे. तेव्हा ठाण्यावर कळवा.

आणि आपल्या घरात कोणी दोन आठवडे सारखे उदास असले, झोप-जेवण तुटले, ‘मी नको आता’ असे बोलू लागले, तर वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात न्या. १४४१६ हा सरकारचा फोन नंबर आहे. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

८. आपल्या दारचा कुत्रा

आपल्या वाडीत शिकवलेला कुत्रा कुठून यायचा? पण दारचा कुत्रा तर आहे. ओटीवर एकट्या बसलेल्या आजीला त्याची सोबत होते. शाळेतून रुसून आलेले पोर त्याच्या गळ्यात पडते. ही सोबत सुखाची व्हायची, तर काही गोष्टी आपण पाळल्या पाहिजेत.

कुत्र्याला रेबीजची लस द्या. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की पहिली. पुढे दर वर्षी. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. त्याला वेळेवर अन्न-पाणी द्या. दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवू नका. बांधलेला, मारलेला, उपाशी कुत्रा चिडका होतो.

मुलांना शिकवा. कुत्रा खात असताना, निजलेला असताना, पिल्लांजवळ असताना हात लावू नये. दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावण्याआधी मालकाला विचारावे. आधी त्याला आपला वास घेऊ द्यावा. मग मानेवर, छातीवर हात फिरवावा. डोक्यावर एकदम हात नेऊ नये. अनोळखी कुत्रा भुंकत आला, तर पळू नये. स्थिर उभे राहावे.

आणि तरीही चावलाच तर?

साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. तिखट, चुना, हळद, तेल काही लावू नका. घट्ट बांधू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. पूर्वी पोटात पुष्कळ इंजेक्शने घ्यावी लागत. लोक त्यांना भीत. आता तसे नाही. दंडात चार-पाच इंजेक्शने असतात. जखम खोल असेल, तर डॉक्टर जखमेतही एक औषध देतात. सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शने घ्या. दोन घेतली, बरे वाटले, म्हणून थांबू नका.

भगताकडे जाऊन दिवस घालवू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की माणूस बहुधा वाचत नाही. लस मात्र त्याआधी वाचवते. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली. तो मुलगा वाचला. माथेरानला माकड चावले, घरात मांजर चावले, तरी हेच करायचे.

भीती जाते ती अशी. डोळे मिटून नव्हे, काळजी घेऊन.

९. शेवटचे सांगणे

शिकवलेला कुत्रा प्रत्येक दुःखी माणसाला मिळणार नाही. पण तो जे करतो, ते आपल्याला करता येईल. दुःखाच्या घरी जा. प्रश्न विचारू नका. सल्ला देऊ नका. पाण्याचा तांब्या भरून ठेवा. चूल पेटवायची असेल तर पेटवा. आणि जवळ बसा. तो माणूस बोलला तर ऐका. नाही बोलला, तरी बसा.

मुके जनावर एवढे करते. आपण तर माणसे आहोत.

वाचा आणि सांगा

१. न बोलणाऱ्या मुलाला कुत्र्याची मदत कशी झाली? डॉक्टरांनी घाई का केली नाही?
२. दिलासा देणारा कुत्रा निवडताना काय काय पाहतात?
३. कुत्रा दमला, हे कशावरून ओळखावे?
४. कुत्रा चावल्यावर पहिली १५ मिनिटे काय करावे? काय करू नये?
५. दुःखाच्या घरी गेल्यावर आपण काय बोलतो? काय बोलू नये?

करून पहा

तुमच्या वाडीत किती कुत्रे आहेत, ते मोजा. त्यांतल्या किती जणांना लस दिली आहे, ते विचारून कागदावर लिहा. तो कागद ग्रामपंचायतीत द्या. खाली स्वतःची सही करा. अंगठा नको, सही!